हुकूम हातात असताना

मा. जे. डी. व्हान्स,
उपराष्ट्राध्यक्ष, अमेरिका



जानेवारी २०२५ च्या अखेरीस फॉक्स न्यूजवर बोलताना तुम्ही ख्रिस्ती प्रेमाचा एक क्रम सांगितलात. आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपलं गाव, मग देशबांधव, आणि एवढं झाल्यावर बाकीचं जग. कुणी हरकत घेतली तेव्हा ‘ऑर्दो आमोरिस’, म्हणजे प्रेमाचा क्रम, ही जुनी शिकवण इंटरनेटवर शोधून वाचा, असं उत्तर दिलंत. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतल्या बिशपांना पत्र लिहिलं. तुमचं नाव त्यात नव्हतं, पण रोख कळण्यासारखा होता. ख्रिस्ती प्रेम हे आपल्या हितसंबंधांची हळूहळू रुंदावत जाणारी वर्तुळं नव्हेत, आणि त्याचा खरा क्रम समजायचा तर चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तावर मनन करावं, असं त्यांनी सांगितलं.

तुम्ही हा विषय धर्माच्या भाषेत मांडलात, हे मला मनापासून बरं वाटलं. पुष्कळ राज्यकर्ते कायदा आणि सुव्यवस्था एवढंच बोलतात आणि रविवारी चर्चमध्ये जाऊन बसतात. तुम्ही दोन्हींचा संबंध जोडलात, म्हणजे त्या भाषेत तुमच्याशी बोलण्याची वाट मोकळी केलीत. मी त्याच वाटेने हे पत्र लिहितो आहे.

मी महाराष्ट्रातल्या नगरचा, आताच्या अहिल्यानगरचा. तुमच्या देशात मला मत नाही आणि तुमच्या सरहद्दीवर कुणाला घ्यावं, कुणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकारही नाही. पण माझी मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिली आहे. ते मिशन ज्या दोन अमेरिकन माणसांनी सुरू केलं, त्यांना इथल्या सरकारने देशाबाहेर काढायचं ठरवलं होतं. ते निघाले नाहीत, आणि का निघाले नाहीत हे तुमच्या पदावरच्या माणसाला माहीत असायला हवं, असं मला वाटतं.

फेब्रुवारी १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी पाच तरुणांची दीक्षा झाली आणि ते हिंदुस्थानकडे निघाले. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ऑगस्टमध्ये कलकत्त्याला उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. वेल्लोरच्या १८०६ च्या बंडानंतर तर धर्माच्या नावाने इथे काही हलूच नये, असा कंपनीचा कल होता. परवान्याशिवाय आलेल्या या अमेरिकनांना निघून जाण्याचा हुकूम झाला. हॉल आणि नॉट यांनी तो पाळला नाही. ते मुंबईला जाणाऱ्या जहाजावर चढले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. मागोमाग कलकत्त्याचा हुकूमही आला: यांना इंग्लंडला रवाना करा. तोपर्यंत ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटलेलं होतं, म्हणजे हे दोघे आता शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते. मध्ये एकदा ते लपून कोचीनपर्यंत पळाले. तिथे पकडले गेले आणि मुंबईला परत आणले गेले.

तुमच्या इमिग्रेशन खात्याच्या कागदांवर आज अशा माणसांबद्दल जे शेरे पडतात, ते सगळे या दोघांना लागू होते. बिनपरवाना प्रवेश, हद्दपारीच्या हुकमाचा भंग, फरारी होणं, शत्रुदेशाचं नागरिकत्व. कायदा पूर्णपणे कंपनीच्या बाजूने होता.

मुंबईचे गव्हर्नर होते सर इव्हान निपियन. हा काही मवाळ, हळवा माणूस नव्हता. इंग्लंडच्या गृहखात्यात असताना १७८७ साली कैद्यांचा पहिला तांडा ऑस्ट्रेलियाला धाडण्याची व्यवस्था त्यांच्या हाताखालून गेली होती. माणसं जहाजावर भरून कशी रवाना करतात, हे त्यांच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक असेल. पण ते बायबल सोसायटीच्या कामाशी जोडलेले ख्रिस्ती होते, आणि हॉल व नॉट यांनी नेमकं तेच धरलं. त्यांनी अर्जामागून अर्ज केले. शेवटच्या अर्जांत परवान्याची बाजू मागे पडली होती. एक ख्रिस्ती माणूस दुसऱ्या ख्रिस्ती माणसाला विचारत होता की, न्यायाच्या दिवशी ख्रिस्तासमोर उभे राहाल तेव्हा आम्हाला हाकलून दिल्याचा काय जबाब देणार? त्या अर्जांत इथल्या लोकांच्या धर्माबद्दल जे लिहिलं होतं, ते आज मराठी माणसाला वाचायला जड जाईल, आणि मलाही ते आवडत नाही. पण गव्हर्नरला विचारलेला प्रश्न खरा होता.

निपियन यांनी हुकूम फाडला नाही आणि राजीनामाही दिला नाही. त्यांनी रवानगी लांबवली, कलकत्त्याला त्यांच्या बाजूने लिहिलं, वरून काही सैल होतंय का याची वाट पाहिली. अधिकाराच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला जेवढं करता येतं तेवढं केलं. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीची सनद बदलली, मिशनऱ्यांना वाट मिळाली, आणि हे दोघे मुंबईत राहिले.

नॉट दोन वर्षांत आजारपणाने परतले. हॉल तेरा वर्षं मुंबईत राहून मराठीत काम करत होते. १८२६ साली नाशिकच्या बाजूला प्रवासात असताना पटकीने गेले. त्यांच्या मागून आलेल्यांनी १८३१ मध्ये नगरला ठाणं केलं आणि शाळा काढल्या. सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा नगरमध्येच होती. ती जोतीराव फुल्यांनी पाहिली होती आणि पुण्यात मुलींसाठी शाळा काढताना ती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. नगरहून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघू लागला. नारायण वामन टिळकांचं बहुतेक ख्रिस्ती आयुष्यही याच मिशनमध्ये गेलं. आणि गावकुसाबाहेर राहणारे आमच्यासारख्यांचे पणजोबा-खापरपणजोबा याच मिशनच्या शाळांत पहिल्यांदा पाटीवर अक्षर काढायला बसले. दोन बेकायदा परदेशी माणसांना पुढल्या जहाजावर चढवलं नाही, त्यातून हे सगळं निघालं. निपियन यांना यातलं काहीही आधी दिसलं नसेल. त्यांच्यापुढे एक हुकूम होता आणि दोन माणसं होती.

आता तुमच्या ‘ऑर्दो आमोरिस’कडे येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सिनसिनाटीत तुम्ही कॅथलिक मंडळीत आलात, तेव्हा आश्रयदाता संत म्हणून ऑगस्टीन यांना निवडलंत. मी प्रोटेस्टंट आहे, पण ऑगस्टीन दोघांचेही. प्रेमाला क्रम असतो, हे त्यांनी लिहिलं आहे यात वाद नाही. पण तो क्रम कशावरून ठरतो? ख्रिस्ती शिकवणीवरच्या ग्रंथात ते आधी सांगतात की प्रेम सगळ्यांवर सारखंच करायचं आहे. मग म्हणतात, सगळ्यांच्या उपयोगी पडणं माणसाला शक्य नाही, म्हणून स्थळ, काळ किंवा प्रसंग यांनी जो तुमच्या जवळ आणून ठेवला आहे, त्याच्याकडे आधी लक्ष द्या, जणू चिठ्ठी टाकून तो तुमच्या वाट्याला आला आहे.

हा निकष एकदा नीट पाहा. यात वंश नाही आणि दाखलाही नाही. ओहायोतल्या एखाद्या गावात वीस वर्षं छपरं घालणारा ग्वाटेमालाचा गवंडी आणि वृद्धाश्रमात तुमच्या म्हाताऱ्या माणसांचं अंग पुसणारी हैतीची बाई ऑगस्टीनच्या हिशोबात ‘बाकीच्या जगा’त मोडत नाहीत. स्थळाने, काळाने आणि प्रसंगाने ती तुमच्या दारी आलेली आहेत. त्यांची मुलं तुमच्या मुलांबरोबर वर्गात बसतात. तुम्ही ज्यांना शेजारी म्हणता, ते हेच लोक आहेत. तुम्ही क्रम ऑगस्टीनचा घेतलात, पण वर्तुळं आखताना पेन्सिल पासपोर्ट खात्याची वापरलीत.

ऑगस्टीनचं वागणंही पाहण्यासारखं आहे. सन ४१० मध्ये रोम लुटलं गेलं आणि माणसं जीव घेऊन समुद्रापलीकडे उत्तर आफ्रिकेत आली. तेव्हाच्या प्रवचनांत ते आपल्या लोकांना परक्यांना घरात घ्या म्हणून सांगत होते. आणि त्यांचं एक पत्र आहे, १९८१ मध्ये पहिल्यांदा छापलं गेलेलं, मित्र अलिपियस यांना लिहिलेलं. ऑगस्टीन जिथे बिशप होते त्या हिप्पोच्या बंदरात गुलामांचे व्यापारी माणसं जमवून जहाजात भरत होते. बहुतेक नुमिदियाच्या आडगावांतून पळवून आणलेली, हिप्पोच्या लोकांना अनोळखी. चर्चला खबर लागली. ऑगस्टीन गावात नव्हते. मंडळीतल्या लोकांनी बिशपची वाट पाहिली नाही. काहींना जहाजातून आणि काहींना लपवलेल्या जागेतून असं सुमारे १२० जणांना त्यांनी सोडवलं. व्यापाऱ्यांचे पाठीराखे वजनदार होते, त्यांनी चर्चच्या मागे तगादा लावला. ऑगस्टीन मित्राला हे कळवतात आणि इटलीत राहून कायद्याने काय करता येईल ते बघ म्हणतात. प्रेमाचा क्रम लिहिणाऱ्या माणसाची मंडळी अशी होती.

तुम्हाला मंडळीत घेणारे धर्मगुरू डॉमिनिकन संघाचे होते. थॉमस अक्वायनसही त्याच संघाचे. प्रेमाच्या क्रमावर त्यांनी एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे, आणि आईवडील व आप्त यांचा हक्क मोठा असतो हे ते ठासून सांगतात. पण उपकार कुणावर आधी करावेत हा प्रश्न येतो, तेव्हा तेच म्हणतात की परका माणूस अगदी निकराच्या गरजेत असेल आणि स्वतःचा बाप तितक्या गरजेत नसेल, तर आधी त्या परक्याला मदत करावी लागेल. म्हणजे गरज हा क्रम मोडू शकते. लूकच्या दहाव्या अध्यायात याजक आणि लेवी जखमी माणसाला वळसा घालून गेले. त्यांच्याही घरी बायकामुलं असतील, त्यांचाही क्रम असेल. येशूने त्याबद्दल त्यांना एका शब्दाने विचारलेलं नाही. रस्त्यावर पडलेला माणूस तेवढा पुढे ठेवला.

माझ्या जिल्ह्याला तुमच्या उतरत्या वर्तुळांचा वेगळाच अनुभव आहे. १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळात इकडे माणसं पाला खाऊन दिवस काढत होती. तेव्हा न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या पत्राने देणग्या मागितल्या. मे १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाचं जहाज २ लाख बुशेल, म्हणजे सुमारे ५,००० टन मका घेऊन मुंबईला निघालं. जहाज तुमच्या सरकारने भाड्याने घेऊन दिलं होतं. मदतकार्याच्या पुढाऱ्यांत नगरचे रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम होते, ज्यांचा जन्म मुंबईचा. त्या कामाबद्दल त्यांना १९०१ साली कैसर-ए-हिंद पदक मिळालं. पैसे देणाऱ्यांनी नगर, जामखेड, पारनेर ही नावं कधी ऐकली नसतील. त्यांच्या घरीही हातातोंडाची गाठ पडत नसणारे शेजारी असतील. तुमच्या त्या दिवशीच्या हिशोबाने त्यांनी आधी आपलं गाव पूर्ण करायला हवं होतं, मग राज्य, मग देश. तो हिशोब कधीच पूर्ण होत नाही, आणि तोवर इकडची पोरं गेली असती.

तुम्ही स्वतः याहून जवळचं काही लिहिलेलं आहे. तुमच्या आत्मकथनात तुमचे आजी-आजोबा केंटकीतल्या जॅक्सनचे डोंगर सोडून ओहायोतल्या मिडलटाउनला पोलादाच्या कारखान्यापाशी येतात. तिथल्या लोकांना यांची बोली, यांचं वागणं, यांचा गोतावळा खुपतो. तुमच्या पुस्तकाच्या नावात ‘हिलबिली’ हा जो शब्द आहे, तो याच लोकांना हिणवायला वापरला जायचा. कामाच्या शोधात आलेल्या माणसाकडे गाव कसं पाहतं, हे तुम्ही आजीच्या स्वयंपाकघरातून पाहिलं आहे. म्हणून स्प्रिंगफील्डचं मला जास्त लागलं.

स्प्रिंगफील्ड तुमच्याच ओहायोतलं, साठ हजारांच्या आतबाहेर वस्तीचं. कारखान्यांना माणसं हवी होती म्हणून काही वर्षांत हजारो हैतीयन तिथे आले. बहुतेकांना तुमच्याच सरकारने तात्पुरतं संरक्षण दिलेलं, म्हणजे कायदेशीर. दवाखान्यांवर आणि शाळांवर ताण आला, भाडी वाढली. ही तक्रार खरी होती आणि ती मांडणं सिनेटर म्हणून तुमचं काम होतं. पण सप्टेंबर २०२४ मध्ये हे लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात ही अफवा तुम्ही पुढे नेलीत. गावच्या अधिकाऱ्यांनी असा काही पुरावा नाही असं सांगितल्यावरही थांबला नाहीत. मग शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या यांना बॉम्बच्या धमक्या सुरू झाल्या. तीसहून अधिक आल्या. सगळ्या खोट्या निघाल्या, तरी मुलांना वर्गांतून बाहेर काढावं लागलं आणि शाळांवर राज्य पोलीस उभे करावे लागले.

त्याच वेळी तुमच्याच पक्षाचा, तुमच्याच राज्याचा, तुमच्याच चर्चचा आणखी एक माणूस होता: गव्हर्नर माइक डिवाइन, जन्माने स्प्रिंगफील्डचेच. एका लेखात त्यांनी उमेदवार म्हणून तुम्हाला असलेला पाठिंबा कायम ठेवला, आणि त्याच लेखात हैतीयन कामाला आलेले, कायदेशीर, कष्टाळू लोक आहेत, त्यांच्याबद्दल हे बोलणं चूक आहे, असंही स्वच्छ लिहिलं. शाळा उघड्या राहाव्यात म्हणून पोलीस त्यांनीच पाठवले. मला निपियन यांची आठवण होते ती इथे. पक्ष सोडला नाही, पद सोडलं नाही, आणि तरीही समोरच्या माणसाची बाजू घेतली. पुढे तुमच्या सरकारने हैतीयनांचं ते संरक्षण काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला.

तुमची एक बाजू मान्य करतो. देशाला सरहद्द असते आणि ती राखणं पाप नाही. तुमच्या चर्चच्या प्रश्नोत्तरग्रंथात संपन्न देशांनी शक्य तेवढ्या परदेशीयांना घ्यावं असं सांगून लगेच पुढे म्हटलं आहे की सरकार त्यासाठी अटी घालू शकतं आणि येणाऱ्याने त्या देशाचे कायदे पाळावेत. कुणी गुन्हा केला तर त्याला परत धाडण्यात मला गैर वाटत नाही. माणसांची तस्करी करणाऱ्या टोळ्यांबद्दल तुम्ही बोलता, तेही खरं आहे. पंजाब-हरियाणातली पोरं एजंटांना लाखो रुपये मोजून ‘डंकी’च्या वाटेने निघतात आणि पनामाच्या जंगलात मरतात, हे आम्ही वाचतो. मे २०२५ मध्ये रोममध्ये दिलेल्या मुलाखतीत तुम्ही सरहद्द राखणं आणि स्थलांतरिताची प्रतिष्ठा जपणं या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळायच्या आहेत असं म्हणालात. मला ते वाक्य मंजूर आहे. म्हणून त्याच वाक्याने मोजतो.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी तुमचं सी-१७ लष्करी विमान अमृतसरला उतरलं. त्यात १०४ भारतीय होते, त्यांत महाराष्ट्रातले ३. तुमच्या सीमा गस्ती दलाच्या प्रमुखाने स्वतः चित्रफीत टाकली: हातांत बेड्या, पायांत साखळ्या, एकापाठोपाठ एक विमानाच्या उतारावरून पाय ओढत चढणारी माणसं. परतलेल्यांनी सांगितलं की जवळपास चाळीस तासांच्या प्रवासात जेवतानाही हात मोकळे केले नाहीत. ज्यांनी बेकायदा प्रवेश केला, त्यांना परत धाडणं हा तुमचा हक्क. पण ज्याने कुणावर हात उचललेला नाही, त्याच्या पायात साखळी कशासाठी? आणि ती चित्रफीत जगाला दाखवायची कशासाठी? सरहद्द त्या साखळीने राखली जात नव्हती. विमान तर परतीच्या वाटेला लागलेलं होतं.

दुसरी गोष्ट प्रार्थनेच्या जागेची. चर्च, शाळा आणि इस्पितळं इथे सहसा अटक करायची नाही, असा तुमच्या इमिग्रेशन खात्याचा नियम २०११ पासून होता. तुमच्या शपथेच्याच दिवशी तो काढल्याचा आदेश निघाला. परिणाम काय झाला, हे कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या बिशपांनी जुलै २०२५ मध्ये लेखी सांगितलं: ज्यांना अटकेची खरी भीती वाटते, त्यांना रविवारच्या मिसाला येण्याच्या बंधनातून मोकळं केलं आहे. अशी सूट आजारपणात देतात, महामारीत दिली होती. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारच्या भीतीने एका बिशपला आपल्या लोकांना चर्चला नाही आलात तरी चालेल असं सांगावं लागलं. तुमच्या देशातल्या कॅथलिक आणि इव्हॅन्जेलिकल संस्थांनी मार्च २०२५ मध्ये मिळून काढलेल्या अहवालाप्रमाणे, ज्यांच्यावर हद्दपारीची टांगती तलवार आहे त्यांच्यातले सुमारे ८० टक्के ख्रिस्ती आहेत. अर्थात उरलेले २० टक्के मुसलमान, शीख, हिंदू असतील, तर देवापुढे त्यांचं मोल कमी भरत नाही. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात उपऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करण्याची आज्ञा आहे, आणि तिथे त्याच्या देवाची चौकशी केलेली नाही. तुम्हीही मिसरात उपरी होता, एवढंच कारण दिलेलं आहे.

तिसरी गोष्ट शिकागोजवळच्या ब्रॉडव्ह्यूची. तिथल्या इमिग्रेशन केंद्रात धरलेल्यांना कम्युनियन द्यायला धर्मगुरू गेले. ऑक्टोबरमध्ये दारावरून परत पाठवले. १ नोव्हेंबर २०२५ ला, सर्व संतांच्या दिवशी, बाहेर मिसा झाली आणि शिकागोच्या एका सहायक बिशपसह काही जण कम्युनियन घेऊन दाराशी गेले. त्यांनाही आत सोडलं नाही. तीन दिवसांनी फ्रान्सिस यांच्यानंतर आलेल्या पोप लिओ यांना पत्रकारांनी विचारलं, तेव्हा त्यांनी मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाची आठवण दिली: जगाच्या अंती आपल्याला विचारलं जाईल, परक्याचं तुम्ही काय केलंत? हे पोप शिकागोकडचेच, ऑगस्टीनच्याच संघाचे, आणि पेरूमध्ये वर्षानुवर्षं परदेशी म्हणून राहिलेले.

बिशपांबद्दल तुम्ही जानेवारी २०२५ मध्ये सीबीएसवर एक प्रश्न टाकला होता. बेकायदा स्थलांतरितांच्या पुनर्वसनासाठी त्यांना सरकारकडून १० कोटी डॉलरहून अधिक मिळतात, असं तुम्ही म्हणालात. मग त्यांना माणुसकीची काळजी आहे की आपल्या जमाखर्चाची? ज्या निर्वासितांसाठी तो पैसा होता, ते तुमच्या सरकारनेच तपासून आणलेले होते, आणि बिशपांनी खर्च मिळकतीपेक्षा जास्त होतो हेही सांगितलं. पण त्या वादात शिरत नाही. त्यानंतर एप्रिलमध्ये सरकारबरोबरचे ते करारच बिशपांनी संपवले. पैसा गेला. आणि १२ नोव्हेंबरला बाल्टिमोरमध्ये त्याच बिशपांनी सरसकट हद्दपारीला विरोध करणारं खास निवेदन काढलं. बाजूने २१६ मतं, विरोधात ५. असं निवेदन त्यांनी बारा वर्षांत काढलं नव्हतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर याहून सरळ कसं द्यायचं, मला माहीत नाही.

आणि एक आकडा. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी तुमच्या सरकारने निर्वासितांची कमाल संख्या ७,५०० ठरवली, त्यातही बहुतेक जागा दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या आफ्रिकानरांना. त्याआधी ती १,२५,००० होती. निर्वासित रीतसर अर्ज करून, वर्षानुवर्षं छावणीत थांबून, तपासणी होऊन येतात. बेकायदा येणाऱ्यांविरुद्ध तुमचं म्हणणं आहे की रांगेत उभे राहा. हे लोक रांगेतच उभे होते.

तुम्ही राष्ट्राध्यक्ष नाही, हे मी जाणून आहे. निपियनही गव्हर्नर-जनरल नव्हते. पण तुमच्या सरकारमध्ये ख्रिस्ती शिकवणीचा आधार जाहीरपणे घेणारा तुमच्याइतका मोठा माणूस दुसरा नाही. तुम्ही म्हणालात तर प्रार्थनास्थळं, शाळा आणि इस्पितळं यांचा जुना नियम परत येऊ शकतो. त्याने एकही गुन्हेगार सुटत नाही. त्याला रस्त्यावर पकडता येतं. ज्यांच्यावर कसलाही गुन्हा नाही त्यांच्या बेड्या निघू शकतात. निर्वासितांचा आकडा पुढच्या वर्षासाठी ठरवताना तुमचा शब्द बैठकीत पडू शकतो. स्प्रिंगफील्डच्या हैतीयन मंडळीत जाऊन, मांजरांची ती गोष्ट खरी नव्हती, एवढं तुम्ही एका वाक्यात सांगू शकता. त्याला कायदाही लागत नाही आणि कुणाची सहीही. आणि देशभरच्या प्रत्येक इमिग्रेशन कोठडीत पाळक आणि धर्मगुरू यांना बायबल, भाकर आणि द्राक्षरस घेऊन आत जाता येईल, असं लेखी परिपत्रक तुमच्या शब्दावर या आठवड्यात निघू शकतं. या रविवारपासून लागू होईल असं ते काढा.

आपला ख्रिस्ती बंधू,
नगरच्या मंडळीचा एक सभासद